कुस्तीगिराचा गुडघा आणि पायाचा फास

मातीतल्या कुस्तीत पाठ वाचविण्याची कला शिकविली जाते. मिक्स्ड मार्शल आर्ट्‌स या नव्या खेळात पाठीइतकाच पायही वाचवावा लागतो. या खेळाकडे वळू पाहणाऱ्या ग्रामीण मल्लांना नेमके हेच कोणी सांगत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी, गुजरातच्या सीमेलगत असलेल्या अक्कलकुव्यासारख्या तालुक्याच्या गावात कुस्ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. खानदेशात यात्रा म्हटली की कुस्त्यांची दंगल आलीच. नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या जोडीपर्यंत माणसे उन्हात उभी राहून पाहतात आणि पट कोणी काढला, ढाक कोणाची फसली, याची चर्चा घरी परतेपर्यंत चालते. जळगाव जिल्ह्यातील विजय चौधरी याने २०१४ ते २०१६ या काळात सलग तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा खांद्यावर घेतली, तेव्हा कुस्ती ही केवळ कोल्हापूर-सांगलीची मक्तेदारी नाही, हे अवघ्या खानदेशाला दिसले.

या मुलांच्या हातात आता मोबाइल आहे आणि त्याच्या पडद्यावर जाळीच्या पिंजऱ्यातली लढत आहे. ठोसे, लाथा, कुस्ती आणि जुजुत्सू यांचे मिश्रण असलेला हा खेळ भारतात अगदी नवा राहिलेला नाही. २०१२ साली मुंबईत ‘सुपर फाइट लीग’ सुरू झाली, तेव्हापासून त्याचे सामने इथेही होत आले आहेत. कुस्तीगिराला त्याचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविकच. प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटण्याचे त्याचे कौशल्य तिथे सोन्याच्या मोलाचे ठरते. मात्र याच कुस्तीगिराचा एक अवयव या खेळात अगदी उघडा पडतो, तो म्हणजे गुडघ्याखालचा पाय.

नव्वद सेकंदांची लढत

दूरचित्रवाणीवरील कुस्तीमुळे ‘अँकल लॉक’ हा शब्द महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. कर्ट अँगल प्रतिस्पर्ध्याचा घोटा धरून पिरगळायचा आणि समोरचा मल्ल मॅटवर थापा मारायचा. हा कर्ट अँगल म्हणजे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेता खराखुरा कुस्तीगीर. पण दूरचित्रवाणीवरचा त्याचा घोट्याचा डाव हा ठरवून केलेल्या नाट्याचा भाग होता. त्याच पडद्यावरचा दुसरा लोकप्रिय चेहरा ब्रॉक लेस्नर याच्या बाबतीत मात्र हा खेळ नाटकाचा राहिला नाही.

लेस्नर हा अमेरिकेतील विद्यापीठीय कुस्तीचा २००० सालचा विजेता. धिप्पाड देह, विलक्षण चपळाई आणि पट काढण्याची दांडगी ताकद. २ फेब्रुवारी २००८ रोजी लास वेगासमध्ये तो ‘यूएफसी’ या संस्थेच्या रिंगणात पहिल्यांदा उतरला. समोर होता माजी विजेता फ्रँक मीर. लेस्नरने मीरला सहज खाली पाडले आणि ठोशांचा वर्षाव केला. लढत एकतर्फी होणार असे वाटत असतानाच, पाठीवर पडलेल्या मीरने वर उभ्या राहू पाहणाऱ्या लेस्नरचा एक पाय मिठीत धरला, आपल्या मांड्यांमध्ये आवळला आणि गुडघा उलट्या दिशेने ताणला. लेस्नरने थाप मारून शरणागती पत्करली. घड्याळात पहिल्या फेरीचा १ मिनिट ३० सेकंद एवढाच काळ गेला होता.

कुस्तीच्या मापाने पाहिले तर लेस्नरचे काहीच चुकले नव्हते. प्रतिस्पर्धी पाठीवर होता, तो स्वतः वर होता. मातीत अशी कुस्ती केव्हाच निकाली निघाली असती. परंतु जिथे पाठ टेकल्याने लढत संपत नाही, तिथे खाली पडलेला माणूसही हल्ला करू शकतो आणि त्याच्या हाताशी सर्वात जवळ असतो तो वरच्याचा पाय.

गुडघा नावाची बिजागरी

पायाच्या फासांपासून बचाव कसा करावा हे समजण्यासाठी आधी ते काम कसे करतात हे पाहणे भाग आहे. त्यांचे प्रकार अनेक असले तरी मुख्य चारच. घोट्याचा सरळ फास, ज्यात पाऊल काखेत धरून मनगटाचे हाड टाचेच्या वरच्या शिरेवर दाबले जाते. गुडघ्याचा सरळ फास म्हणजेच ‘नी-बार’, जो मीरने लावला. चवडा पकडून पाऊल आत वळविणारा ‘टो-होल्ड’. आणि चौथा, सर्वांत भयंकर मानला जाणारा ‘हील हूक’, म्हणजे टाचेचा आकडा.

गुडघा ही मूलतः दाराच्या बिजागरीसारखी रचना आहे. तो मागे दुमडतो आणि सरळ होतो. दुमडलेल्या अवस्थेत नडगी थोडीशी डावी-उजवीकडे फिरू शकते. पण ती मुभा फारच कमी आहे. मांडीचे हाड आणि नडगी यांना चार प्रमुख अस्थिबंध एकत्र बांधून ठेवतात. दोन सांध्याच्या आत एकमेकांना छेदून जातात आणि दोन बाजूंना असतात. हाडांच्या मधे चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. चालताना, धावताना, ओझे उचलताना शरीराचा भार याच बांधणीवर येतो.

टाचेच्या आकड्यात हल्लेखोर प्रतिस्पर्ध्याचा पाय आपल्या दोन्ही पायांच्या गाठीत अडकवितो, जेणेकरून मांडीचे हाड हलू नये. मग पायाची बोटे काखेजवळ दाबून टाच कोपराच्या बेचकीत पकडतो आणि सारे धड वळवितो. पाऊल इथे पान्ह्याच्या दांड्यासारखे काम करते. दांडा फिरला की नडगी फिरते, आणि मांडी जखडलेली असल्याने तो पीळ साराच्या सारा गुडघ्यात जाऊन साठतो. धरले घोट्याला आणि तुटले गुडघ्यात, असा हा विचित्र प्रकार आहे.

त्यातही दगाफटका असा, की वेदना वेळेवर येत नाही. घोट्याच्या सरळ फासात आधी कळ उठते, इजा नंतर होते; सहन होत नाही म्हणून माणूस सोडून देतो आणि वाचतो. पिळाच्या फासात मात्र सांध्यातला थोडासा सैलपणा संपेपर्यंत फारसे काही जाणवत नाही आणि तो संपला की पुढच्या क्षणी अस्थिबंध गेलेला असतो. ‘दुखू लागले की सोडवून घेऊ’ हा मातीतला हिशेब इथे चालत नाही.

कुस्तीने हे का टाळले?

पायाचे फास हे काही परवाच्या काळातले संशोधन नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत चालणाऱ्या ‘कॅच’ कुस्तीत ते सर्रास वापरले जात. त्या काळचा विश्वविजेता फ्रँक गॉच याचा ‘टो-होल्ड’ इतका धास्तीचा होता की प्रतिस्पर्धी त्याच्या भीतीनेच अर्धे हरत. जपानी जुजुत्सूतही पायाचे डाव होते. परंतु त्यातून घडलेल्या जुदोने स्पर्धेतून ते हद्दपार केले आणि आज जुदोत केवळ कोपराच्या सांध्यावरचे फास मान्य आहेत. रशियातील सांबोने मधला मार्ग स्वीकारला. घोट्याचे व गुडघ्याचे सरळ फास ठेवले, टाच पिरगळणे वगळले. ब्राझीलमध्ये वाढलेल्या जुजुत्सूत तर अनेक वर्षे पायाचे फास हे कमअस्सल माणसाचे हत्यार समजले जाई. जो गळ्यापर्यंत पोहोचू शकत नाही तो पाय धरतो, अशी ती भावना होती.

भारतीय कुस्तीने वेगळीच वाट धरली. पायावर हल्ला तिने कधीच टाळला नाही. एकेरी पट, दुहेरी पट, टांग, निकाल, मोळी अशा कितीतरी डावांत पाय हेच लक्ष्य असते. मात्र पाय धरायचा तो प्रतिस्पर्ध्याचा तोल घालविण्यासाठी, त्याला चित करण्यासाठी. सांधा मोडण्यासाठी नव्हे. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली योगेश्वर दत्तने कांस्यपदक मिळविले ते ज्या डावाने, तो ‘फितले’ याचे उत्तम उदाहरण ठरावे. प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही घोट्यांची गाठ आवळायची आणि त्याला लाटण्यासारखे गरागरा फिरवायचे. पाहणाऱ्याला तो पायाचाच फास वाटेल. पण त्यातून मिळतात ते गुण. फिरणारा माणूस पूर्ण शरीरानिशी फिरतो म्हणून गुडघा शाबूत राहतो. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण टाचेच्या आकड्यापासून सुटण्याचे रहस्यही तिच्यातच आहे.

अर्थात फास नसले म्हणजे कुस्तीत गुडघे सुरक्षित असतात असे नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटला उपांत्यपूर्व फेरीतच गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. बजरंग पुनियाने टोकियोचे कांस्य जिंकले ते दुखऱ्या गुडघ्यानिशी. पायांच्या खेळात पाय दुखावणारच. फरक एवढाच की कुस्तीत तो अपघात असतो, पायाच्या फासात ते उद्दिष्ट असते.

मल्लाच्या सवयी, उपयोगी आणि घातक

कुस्तीगीर या खेळात उतरतो तेव्हा तो रिकाम्या हाताने येत नाही. पट काढायला आलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर कंबर खाली टाकून दोन्ही पाय मागे फेकण्याची त्याची सवय पायाच्या फासांविरुद्धही पहिली भिंत ठरते. पायच हाताला लागला नाही तर फास बसणार कुठे? मजबूत मांड्या, कमरेचा लवचीकपणा आणि तोल सांभाळण्याची उपजत जाण, हीही त्याची मोठी पुंजी. मनगट पकडून ठेवण्याची, पकड तोडण्याची जी मेहनत तालमीत वर्षानुवर्षे होते, ती तर थेट कामी येते.

परंतु काही सवयी घात करतात. त्यातली सर्वांत खोल सवय म्हणजे पाठ लपविण्याची. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पैलवानासमोर पोलंडचा झ्बिश्को अडीच तासांहून अधिक काळ जमिनीला पोटाने चिकटून पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. ते दृश्य कुस्तीच्या नियमांत चातुर्याचे होते. पाठ टेकू न देणे हाच जिथे बचाव, तिथे पालथे पडणे शहाणपणाचे. पायात फास अडकला असताना मात्र हीच उबळ महागात पडते. घाबरलेला मल्ल झटक्याने पोटावर वळू पाहतो. त्याचे धड एका दिशेला जाते, अडकलेले पाऊल दुसऱ्या दिशेला धरलेले असते आणि प्रतिस्पर्ध्याने न दिलेला पीळ तो स्वतःच आपल्या गुडघ्याला देतो. पायाच्या फासात होणाऱ्या अनेक दुखापती अशाच, सुटण्याच्या धडपडीत होतात.

दुसरी सवय, खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्याजवळ बेफिकीरपणे उभे राहण्याची. मातीत पडलेल्याच्या पायांची भीती नसते. इथे पाठीवर असलेल्या माणसाचे दोन्ही पाय मोकळे असतात आणि त्याच्या कमरेच्या रेषेपलीकडे गेलेला वरच्याचा पाय हा त्याच्यासाठी दाराशी आलेला पाहुणाच. लेस्नरचे झाले ते हेच.

तिसरी सवय डोके खाली घालून पटात शिरण्याची. तिची शिक्षा पायाला नव्हे, मानेला होते. भारतातून ‘यूएफसी’त उतरलेला पहिला लढवय्या, मुंबईचा भारत खंडारे, २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघायमध्ये चीनच्या साँग यादाँगकडून पहिल्याच फेरीत हरला तो मानेभोवती पडलेल्या ‘गिलोटिन’ या फासाने. विषय वेगळा असला तरी मुळातला प्रश्न एकच आहे. एका नियमात सुरक्षित असलेली शरीराची ठेवण दुसऱ्या नियमात आमंत्रण ठरते.

सुटकेची उतरंड

पायाच्या फासातून सुटण्याचे डाव शेकड्याने सांगितले जातात. जाणकार प्रशिक्षकांचा भर मात्र डावांच्या संख्येवर नसतो, क्रमावर असतो. फास पूर्ण बसल्यावर सुटण्यापेक्षा तो बसण्याआधीची प्रत्येक पायरी अडविणे सोपे.

पहिली पायरी गुडघ्याची. हल्लेखोराची पायांची गाठ जोवर प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्याच्या वर, मांडीवर आहे तोवरच ती मांडीचे हाड जखडू शकते. गुडघा त्या गाठीतून मागे ओढून घेतला की मागे उरते ती केवळ नडगी. आणि मांडी मोकळी असेल तर सारा पाय पावलाबरोबर फिरतो, पीळ साठतच नाही. म्हणून पाय अडकल्याची जाणीव होताच टाच सोडविण्याच्या मागे न लागता आधी गुडघ्याची वाट मोकळी करावी, असे शिकविले जाते. हाताने प्रतिस्पर्ध्याचे वरचे पाऊल ढकलून गाठ सैल करायची, नितंब मागे सरकवायचे आणि गुडघा खेचून बाहेर काढायचा. उसाच्या मोळीतून एक ऊस ओढून काढताना आधी दोर सैल करावा लागतो, तसेच हे आहे.

दुसरी पायरी टाच लपविण्याची. टाचेचा आकडा लावायला टाच उघडी लागते. पाऊल जमिनीवर घट्ट रोवून ठेवले, अथवा पायाची बोटे वळवून टाच प्रतिस्पर्ध्याच्या अंगाशी चिकटवून ठेवली तर त्याच्या कोपराला पकड मिळत नाही. घोट्याच्या सरळ फासात मात्र उलटे करावे लागते. तिथे पाऊल मागे ओढण्याऐवजी तंग बूट चढवावा तसे पुढे ढकलायचे आणि बोटे स्वतःकडे ताठ ओढून धरायची; म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे मनगट टाचेच्या शिरेवरून सरकून पोटरीवर जाते आणि फास निष्प्रभ होतो. एकाच पायासाठी दोन परस्परविरोधी सूचना आहेत, हे नवशिक्याला गोंधळात टाकते. त्यामुळेच कोणता फास येतो आहे हे ओळखणे हीच अर्धी सुटका.

तिसरी पायरी हातांची. हल्लेखोराला टाच धरण्यासाठी एका हाताचे मनगट दुसऱ्या हातात गुंफावे लागते. बचाव करणाऱ्याने आपले दोन्ही हात त्याच्या एका मनगटावर घालून ती गुंफण होऊच द्यायची नाही. इथे कुस्तीगिराची पकड खरोखर चमकते.

आणि शेवटची पायरी, जेव्हा बाकी सारे चुकले आहे तेव्हाची. पीळ ज्या दिशेने येतो आहे त्याच दिशेने सारे शरीर फिरवायचे. पाऊल जितके फिरते तितकीच मांडी आणि कंबर फिरली, तर गुडघ्यात पीळ उरत नाही. ‘फितले’मध्ये गरगर फिरणाऱ्या मल्लाचा गुडघा ज्या कारणाने वाचतो, तेच हे कारण. फिरता फिरता गाठ सैल झाली की पाय काढून घ्यायचा. मात्र दिशा चुकली तर हाच उपाय घातक, म्हणून तो शेकडो वेळा संथ गतीने घोटल्याशिवाय वापरायचा नसतो.

गुडघ्याच्या सरळ फासाचे गणित निराळे. तिथे शत्रू पीळ नसून ताण आहे. गुडघा वाकलेला राहील तोवर फास बसत नाही; म्हणून अडकलेले पाऊल दुसऱ्या पायाच्या गुडघ्यामागे अडकवून गाठ मारायची आणि प्रतिस्पर्ध्याच्या कमरेकडे बसते व्हायचे, त्याच्यापासून दूर पळायचे नाही. दूर पळणारा माणूस आपणहून पाय लांब करून देतो.

ठोशांचे उत्तर

निव्वळ जुजुत्सूच्या स्पर्धेत आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्‌समध्ये एक मूलभूत फरक आहे. पाय धरणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि त्याचा चेहरा उघडा असतो. ज्या खेळात ठोसा मारता येतो तिथे हा फार मोठा धोका आहे. पायाच्या फासांचा निष्णात मानला जाणारा अमेरिकेचा रायन हॉल याने २९ डिसेंबर २०१८ रोजी बी. जे. पेन या नामांकित प्रतिस्पर्ध्याच्या पायाखाली कोलांटी मारून शिरत टाचेच्या आकड्याने पहिल्याच फेरीत विजय मिळविला होता. कोलांटीची ही युक्ती जपानच्या मासाकाझू इमानारीच्या नावाने ओळखली जाते. हाच हॉल १० जुलै २०२१ रोजी इलिया तोपुरियासमोर उभा राहिला तेव्हा तोपुरियाने त्या कोलांट्यांच्या मोहात न पडता पाय वेळीच मागे घेतले, जमिनीवर मागोमाग घाईने शिरणे टाळले आणि संधी साधून ठोशांनी त्याला गारद केले. लढत पहिल्या फेरीतच संपली.

मात्र यावरून ‘पाय धरला की ठोसे मारावेत’ असा सरसकट धडा काढणे धोक्याचे. लेस्नरही ठोसेच मारीत होता. गाठ घट्ट बसल्यावर ठोशाच्या नादी लागणारा माणूस दोन हात बचावातून काढून घेतो, आणि पिळाला लागणारा वेळ ठोशाहून कमी असतो. क्रम असा, की आधी गुडघ्याची वाट मोकळी, मग ठोसा.

थाप मारण्याची लाज

या साऱ्यात सर्वांत अवघड भाग तंत्राचा नाही. प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर अथवा मॅटवर थाप मारून हार कबूल करणे, हे कुस्तीच्या संस्कारात वाढलेल्या मुलाला जमत नाही. मातीत हरणे ही पंचाने सांगायची गोष्ट असते. मल्लाने आपल्या तोंडाने कबूल करायची नसते. गावासमोर, वस्तादासमोर, इनाम लावणाऱ्यांसमोर थाप मारायची म्हणजे नाक कापून घेण्यासारखे वाटते. टाचेच्या आकड्यात या स्वाभिमानाला दोन सेकंदांची मुदत असते. जगभरातल्या सरावगृहांत म्हणूनच नियम असा की आकडा पक्का बसला, एवढे कळताच थाप मारावी. कळ येण्याची वाट पाहू नये.

थाप मारणाऱ्याचा जसा हा धर्म, तसा सोडणाऱ्याचाही आहे. ब्राझीलचा रूसिमार पालहारेस हा टाचेच्या आकड्याचा जबरदस्त जाणकार. पण प्रतिस्पर्ध्याने शरणागती दिल्यावरही तो पकड सोडत नाही, अशी त्याची ख्याती झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये माइक पिअर्सविरुद्धची लढत जिंकल्यावर याच कारणाने ‘यूएफसी’ने त्याच्याशी संबंध तोडले. सामना जिंकूनही नोकरी गेली, असे उदाहरण खेळाच्या जगात क्वचितच सापडते.

नियमकर्त्यांनीही या डावाला पायऱ्या घातल्या आहेत. ब्राझिलियन जुजुत्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने टाचेच्या आकड्याला २०२१ मध्ये परवानगी दिली ती फक्त प्रौढ गटातील तपकिरी व काळा पट्टा मिळविलेल्या, जाकिटाविना खेळणाऱ्या स्पर्धकांना. म्हणजे अनेक वर्षे मॅटवर घालविल्यानंतर. मोबाइलवरची तीस सेकंदांची चित्रफीत पाहून हाच डाव मैदानात मित्रावर करून पाहणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसते.

अक्कलकुव्यात गुडघ्याची किंमत

अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील अनेक कुटुंबे पावसाळा संपला की ऊसतोडणी व मजुरीसाठी गुजरातकडे जातात. ज्याच्या घरी अशी परिस्थिती आहे त्या तरुणाचा गुडघा हा केवळ खेळाडूचा गुडघा नसतो. डोंगर चढण्याचा, मोळी उचलण्याचा आणि उचल फेडण्याचाही तोच असतो. आतला पुढचा अस्थिबंध पूर्ण तुटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली, तर खेळात परतण्यास साधारण नऊ महिने तरी जातात. शहरातल्या व्यावसायिक लढवय्यालाही हा काळ जड जातो. मजुरीवर जगणाऱ्या घरात तो म्हणजे अख्खा हंगाम.

त्यामुळे ज्या आखाड्यांत वा व्यायामशाळांत मुले या खेळाचे प्रयोग करू लागली आहेत, तिथल्या वस्तादांनी काही मर्यादा आधीच आखणे व्यवहाराचे ठरेल. अठराच्या आतील मुलांना टाच पिरगळणारा कोणताही डाव सरावातही नको. घोट्याच्या सरळ फासापासून सुरुवात पुरेशी आहे. सरावात पकड घ्यायची, पीळ द्यायचा नाही. पकड बसली की दोघांनी थांबायचे आणि पुन्हा सुरुवात करायची. जोडीदार वजनाने आणि समजुतीने बरोबरीचा हवा. आणि बचाव आधी, हल्ला नंतर. ज्याला गुडघ्याची वाट मोकळी करता येत नाही त्याला टाच धरायला शिकवू नये. मातीतही वस्ताद नवख्या पोराला आधी पडायला शिकवितात, त्याचाच हा विस्तार.

दुखापत झालीच तर पहिल्या काही तासांत काय होते यावर पुढचे बरेच अवलंबून असते. सांध्यात ‘कट्’ असा आवाज येणे, काही तासांत गुडघा टम्म फुगणे, उभे राहिल्यावर पाय निसटल्यासारखा वाटणे, ही अस्थिबंध गेल्याची नेहमीची लक्षणे होत. अशा वेळी पाय उंच ठेवून बर्फाने शेकावे, पट्टी बांधावी आणि भार टाकू नये. गावाकडे लगोलग हाडवैद्याकडे नेऊन तेलाने चोळण्याची, ओढून ‘बसविण्याची’ पद्धत आहे. जागेवरून सरकलेल्या सांध्याबद्दल कोणाचा काही अनुभव असो, तुटलेला अस्थिबंध चोळून जुळत नाही आणि फाटलेली गादी ओढण्याने अधिक फाटते. पोटरी बधिर होत असेल, पाऊल थंड किंवा निळसर पडत असेल, तर रक्तवाहिनीला धक्का लागल्याची शक्यता असते आणि मग सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.

अनेकदा होते ते असे, की दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, चालता येऊ लागते आणि गुडघा बरा झाला असे समजून मुलगा पुन्हा मातीत उतरतो. सरळ रेषेत चालताना आतल्या पुढच्या अस्थिबंधाची उणीव फारशी जाणवत नाही. ती जाणवते पाय रोवून अंग वळविताना, म्हणजे नेमकी ढाक मारताना. आणि त्या वेळी आधी शाबूत असलेली गादीही जाते.